तुडतुडे

मागच्या साली तुरीवर अळीचं औषध फवारताना उद्धवला विषबाधा झाली आणि तो आठ दिवस नांदेडच्या दवाखान्यात पडून राहिला. म्हणून यंदा त्याच्या बायकोने, प्रेमलाने, हट्टाने बीटी कापूस लावायला लावला. या कापसाची बोंडं अळी खात नाही, म्हणजे आता फवारणी सुटली, असं तिला वाटलं होतं.

पोळ्यानंतर पानं कडेने लाल होऊन वळायला लागली. चार पानं घेऊन ती तशीच भोकरला बियाण्याच्या दुकानात गेली. दुकानदार शिवमूर्तीअप्पांनी पान उलटं करून पाहिलं.

"अळी न्हाई ही, ताई. तुडतुडे हायत, पानाचा रस पितेत. बीटीचा त्यांला काय फरक पडत न्हाई."

"मग?"

"फवारावं लागतंय. दोन-तीनदा तरी."

"मग बीटी कशाला लावलं हो आम्ही?" प्रेमला ओरडलीच.

ती घरी आली, तर उद्धव तोंडाला फडकं बांधून पंप पाठीवर घेत होता. पानं त्यानेही पाहिली होती.

"द्या इकडं," म्हणत प्रेमलाने त्याचं फडकं सोडलं, आपल्या तोंडाला बांधलं आणि पंपासाठी त्याच्याकडे पाठ केली.