उंचीसाठी काढलेली माणसं

भर बाजारातलं ते जुनं हॉटेल पाडण्याआधी त्याची मोजमापं घ्यायला ती आली होती. पाळणाघराला सुट्टी, म्हणून चार वर्षांची लेकही सोबत होती.

"ताई, हे बांधकामाच्या वेळचे नकाशे. शंभर वर्षांत कुणी उघडले नसतील," रखवालदार म्हणाला. "आणि या छोट्या इंजिनीयरबाई कोण?"

लेक खुदकन हसली.

दाराची उंची कळावी म्हणून नकाशा काढणारे दाराशेजारी एखादं माणूस काढतात. पहिल्या मजल्याच्या नकाशात एक बाई होती आणि तिचा हात धरलेली मुलगी.

"आई, आपण!" लेक ओरडली. तिलाही हसू आलं.

जिना चढताना लेकीची एक वेणी सुटली. दुसऱ्या मजल्याच्या नकाशातल्या मुलीचीही एक वेणी सुटलेली होती.

योगायोग, असं स्वतःला बजावत तिने लेकीचा हात घट्ट धरला. एकच मजला तर उरला होता.

वर पोचल्यावर तिने मोकळ्या हाताने शेवटचा नकाशा खिडकीच्या कट्ट्यावर पसरला. यात माणसं तीन होती. मुलीचा दुसरा हात आणखी एका बाईने धरला होता; ती दारापेक्षा उंच होती आणि मान वाकवून मुलीकडे बघत होती.

तिने झटकन लेकीकडे पाहिलं. लेकीचा दुसरा हात सरळ वर ताणलेला होता. टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या.

"आई," लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, "दोघी दोन्हीकडून ओढू नका ना."