गोठ्यातली परीक्षा

“हिला सोडून मी कुठ्ठे यायची नाही, बाई,” कार्ना म्हणाली.

पाचवीतली पोर. गोठ्यात पेंढ्यावर फतकल मारून बसलेली, मांडीवर कालवडीचं डोकं. कालवड पहिलारू, सकाळपासून कळा देत होती.

मुख्याध्यापिका लॉर्ना त्वेत दारातच उभ्या होत्या. बुटांवर नॉर्थ डकोटातल्या एप्रिलचा अर्धा बर्फ, अर्धा चिखल. छातीशी सीलबंद लिफाफा. पावणेदोन वाजले होते आणि तीनला परीक्षेची मुदत संपत होती.

वॉशिंग्टनच्या सरकारचा नियम म्हणजे नियम. शंभरातली पंचाण्णव पोरं परीक्षेला बसलीच पाहिजेत. आता यांच्या शाळेत पोरं मुळात एकोणीस. एक जरी गैरहजर राहिलं तरी आकडा चौऱ्याण्णव पूर्णांक सात. म्हणजे शाळा नापास, तीही सलग तिसऱ्या वर्षी. म्हणजे शाळेला कुलूप, आणि सहा-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली रोज चाळीस मैलांवरच्या शाळेत. अठरा जणांनी पेपर दिला होता. एकोणिसावी इथे गाईच्या कानात काहीबाही पुटपुटत होती.

“अगं, तुला न्यायला आलेच नाहीये मी. आपल्या राज्याने दोन वर्षं वॉशिंग्टनच्या हातापाया पडून सवलत आणलीय. लहान शाळेतलं मूल येऊ शकत नसेल तर पेपर त्याच्या घरी घ्यायचा.”

“घर तिकडे आहे,” कार्नाचे आजोबा ऑर्व्हिल म्हणाले. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तर नात घरी राहिली होती.

बाईंनी राजधानीत शिक्षण खात्यातल्या डेस्मंडला फोन लावला. पानं चाळल्याचा आवाज आला.

“सवलतीच्या पत्रात ‘योग्य जागा’ असं लिहिलंय, मॅडम. अकरा पानं आहेत. गोठ्याबद्दल एक अक्षर नाही.”

“म्हणजे चालेल?”

“म्हणजे नाही म्हटलेलं नाही.”

देव भलं करो त्याचं! बाईंनी खाद्याची बादली उपडी घातली, वर पेपर ठेवला. “हे बघ, एकदा पेपर उघडला की तासभर उठायचं नाही, बोलायचं नाही. उठलीस की पेपर बाद.”

“आणि हिला काही झालं तर?”

“मी आहे ना.”

बोलून तर बसल्या. बाई वाढल्या शहरात. गाय त्यांनी पाहिली होती ती कुंपणापलीकडून.

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. कालवड अशी हंबरली की छपरावरची कबुतरं उडाली. दोन खुर बाहेर दिसले आणि तिथेच अडले. कार्ना अर्धवट उठली. जनावरांचा डॉक्टर साठ मैलांवर. आता ‘ऊठ’ म्हणावं तर शाळा जाते. ‘बस’ म्हणावं तर वासरू जातं, आणि ही पोर जन्मात माफ करायची नाही.

बाईंनी कोट काढून खुंटीला लावला.

“बस तू. लिही. ऑर्व्हिल, काय करायचं ते सांगा.”

“दोरी बांधा खुरांच्या वर. कळ आली की ओढा, गेली की थांबा. अहो बाई, झेंडा चढवताय का? खाली ओढा, खाली!”

बाईंनी ओढलं. थांबल्या. पुन्हा ओढलं. मधूनच मान वळवून पोरीकडे बघत होत्या. कार्ना पाठ करून बसली होती. पेन्सिल चालत होती, टपटप आसवं पेपरावर पडत होती, पण पोरीने वळून म्हणून पाहिलं नाही. ती इवलीशी ताठ पाठ बघून बाईंना भडभडून आलं, आणि त्या भरात त्यांनी असा हिसका दिला की वासरू बाहेर आलं, बाई उताण्या पडल्या आणि वासरू त्यांच्या अंगावर.

हलेना.

“नाकात काडी घाला त्याच्या! लवकर!”

बाईंनी पेंढ्याची काडी घातली. वासरू शिंकलं. पेन्सिल क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली.

“झालं, बाई,” तीनला दहा कमी असताना कार्ना म्हणाली. पेपर बाईंच्या हातात कोंबला आणि धावत जाऊन वासराच्या गळ्यातच पडली.

बाईंनी लिफाफा सील केला. हात धुवायलाही न थांबता फोन लावला.

“दिला पेपर?” डेस्मंडने विचारलं.

“दिला. पूर्ण.”

“वा! आता फॉर्म भरतो. सुरुवातीला जागेवर हजर किती?”

खोटं बोलणं बाईंना कधी जमलंच नाही, त्यांनी कालवडही मोजली. “चार,” त्या म्हणाल्या.

“आणि शेवटी?”

“पाच.”

“मॅडम, मध्येच कोण आलं? घरच्यांखेरीज आणि तुमच्याखेरीज कुणी हजर असेल तर पेपर बाद करावा लागतो. पान नऊ.”

बाईंनी समोर पाहिलं. कार्ना आपल्या स्वेटरच्या बाहीने वासराचं तोंड पुसत होती.

“घरचंच आहे.”

“वय?”

“असेल वीस मिनिटं.”

पलीकडे संगणकाच्या कळा वाजू लागल्या, एक एक, सावकाश.

“घरचं,” डेस्मंड म्हणाला. “एकोणीसपैकी एकोणीस, मॅडम.”