कोरडी खोली

"यंदा गवत एकाच खोलीला पुरेल, आई," मुलगा म्हणाला.

पावसाच्या माऱ्यापासून वाचवायला त्या डोंगरगावात घरांच्या भिंतींना बाहेरून गवत बांधायची रीत होती. म्हातारीला दमा होता. भिंतीला ओल आली की तिचा श्वास कोंडायचा.

"भाड्याने राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्याच खोलीला बांधू. त्यांचे पैसे आले तरच तुझी औषधं येणार ना?"

म्हातारीने त्या खोलीला गवत बांधलं. तिच्याइतकी घट्ट गाठ घरात कुणालाच जमत नसे.

श्रावणात पाहुणे आले. "काय शुद्ध हवा आहे हो! इथे कुणाला दमाबिमा होतच नसेल."

"छे! आमची आई बघा, या वयातही स्वतः गवत बांधते," मुलगा हसून म्हणाला.

पलीकडच्या खोलीत, बुरशीने काळ्या पडलेल्या भिंतीला टेकलेल्या म्हातारीने खोकला ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला.