आधी तू खा

किकवीच्या बनाबाईंना भोरच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि ती जन्मभर रोज घ्यायला सांगितली. "मला कुठं काय हुतंय? सून जीव घ्यायला बसलीया माजा," असं त्या गावभर सांगू लागल्या. सकाळी सून हौसा गोळी घेऊन आली की म्हणायच्या, "आदी तू खा माज्यासमोर." हौसा मुकाट्यानं एक गोळी गिळायची, मगच सासू दुसरी घ्यायची.

हौसाच्या धडधाकट अंगाला ती गोळी सोसेना. उठता-बसता तिच्या डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली.

"सोड की ती गोळी," शेजारीण म्हणाली.

"म्या न्हाई खाल्ली तर आत्याबाई बी खानार न्हाईत. त्यास्नी काय झालं म्हंजी?"

एका सकाळी पाणी शेंदताना हौसाला चक्कर आली आणि ती भरल्या विहिरीत पडली. नवऱ्यानं उडी मारून तिला बाहेर काढलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

हौसाला चक्कर कशानं यायची, ते शेजारणीनं बनाबाईंना सांगितलं. "ह्या गोळीनं माजी हौसा नेली, आता मला बी न्हेऊ दे," म्हणत त्या रोज स्वतःच्या हातानं गोळी घेत आणि उंबऱ्यात बसून चक्कर यायची वाट बघत.

 

वर्षभरानं डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब तपासला आणि खुशीनं म्हणाले, "आजी, असंच नेमानं औषध घेत राहा, अजून वीस वर्षं जगाल."