खिडकीजवळचं टेबल

"तुम्ही सुरुवात करता की मी?" समोरच्या माणसानं विचारलं.

शिंपीणबाईंनी पर्सचा बंद उघडला, परत लावला. या वाचनालयात रविवारी पुस्तकांऐवजी माणसं मिळत. समोर बसायचं, हवं ते विचारायचं. त्यांनी मागितला होता तुरुंगातून सुटून आलेला माणूस. "बसा हं, तुमचं पुस्तक येईल," म्हणून ग्रंथपालबाई दुसरीकडे धावल्या. खिडकीजवळच्या टेबलाशी हा आधीच येऊन बसलेला होता.

"माझा मुलगा उद्या सुटतोय," त्या एका दमात म्हणाल्या. "त्याचे बाबा म्हणतात, दार उघडायचं नाही. माझं तर डोकंच चालेनासं झालंय. सकाळी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या."

तो हसला नाही. खुर्ची पुढे ओढून बसला.

"तुम्हाला राग येतो त्याचा?"

हे बरं आहे, पुस्तकच वाचकाला प्रश्न विचारतंय! पण इतक्या दिवसांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"येतो तर! आला की आधी दोन ठेवून देईन. आणि मग जेवायला वाढीन. पण यांच्यापुढे माझं धाडस होत नाही हो. तुमचं काय झालं? सुटल्यावर?"

त्यानं दाराकडे पाहिलं. कुणाची तरी वाट पाहत असावा तसं. मग टेबलाची कड नखानं खरवडत राहिला.

"गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. घरात दिवा दिसत होता."

"मग?"

"पायच उचलेना."

"अहो, पण आईनं दार उघडलं ना?"

त्याचं नख टेबलाच्या कडेवर थांबलं.

"उघडलं," तो म्हणाला. "लगेच."

शिंपीणबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मग मीही उघडणार. यांना काय आदळआपट करायची ती करू देत!" पर्स काखेत मारून त्या तरातरा निघूनही गेल्या.

थोड्या वेळानं ग्रंथपालबाई लगबगीनं आल्या. मागे एक वयस्क बाई होत्या.

"माफ करा हं, ताटकळत ठेवलं तुम्हाला. मुलगा तुरुंगात असलेली आई हवी होती ना तुम्हाला वाचायला? या त्या. आणि त्या शिंपीणबाई कुठे गेल्या? त्यांचं पुस्तक पलीकडच्या खोलीत केव्हाचं जांभया देत बसलंय!"

तो उठला.

"राहू दे आता," तो म्हणाला. "सुटून वर्ष झालं मला. आज घरी जाऊन बघतो."