सालीचं पाणी

एक घोट उतरवायला भीमाला तीनदा मान उंचावावी लागली. तरीही थोडं तांबूस काळं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. छबूबाईने ते पदराने टिपलं. त्या पदरावर आधीचेही असेच डाग होते, धुऊन न गेलेले.

"हे काय पाजतेस?" दारात उभ्या असलेल्या कानिफनाथने आईला विचारलं.

"तुजंच हाय. वळखलं न्हाईस व्हय?"

त्याने ओळखलं होतं. बाभळीच्या सालीतील पॉलिफेनॉल या विषयावर त्याला डॉक्टरेट मिळालेली होती.

दुपारी नगरच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, की वडिलांनी घशाच्या कर्करोगावरचा विजेचा शेक अर्ध्यावरच सोडला. आता तो पुन्हा देण्यात अर्थ नाही. का सोडला, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. तेच विचारायला तो तडक खर्ड्याला घरी आला होता. विचारण्याची गरज उरली नाही. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण खळीने डकवलेलं होतं. 'बाभळीची साल कर्करोगावर गुणकारी.' खाली त्याचं छायाचित्र.

त्याने सिद्ध केलं होतं ते इतकंच, की काचेच्या नळीतल्या जांभळ्या द्रावणात सालीचा अर्क टाकला असता रंग उतरतो. म्हणजे ऑक्सिडीकरणाला अटकाव होतो. त्या नळीशी कोणत्याही सजीवाचा संबंध आलेला नव्हता. संशोधन केंद्राने त्याची बातमी केली, बातमीदाराने बातमीचा चमत्कार केला, आणि चमत्काराला प्राचीनत्व हवं म्हणून हे ज्ञान ऋषिमुनींना अवगत असल्याचंही छापून आलं. खुलासा पाठवावा असं कानिफनाथने सुचवलं होतं. "नाव होतंय, होऊ द्या," विभागप्रमुख म्हणाले होते. नाव झालं.

"दिवाळीपासनं हेच चालू हाय," छबूबाई म्हणाली. "तुला कळवायचं न्हाई म्हून ह्यांनीच शपथ घातली. म्हनले, आदी उठून चालतो, मग पोराला दावतो. गेल्या आठवड्यात डाक्टर बी म्हनला, आता यायची गरज न्हाई."

ती हे आनंदाने सांगत होती. कानिफनाथने तिच्याकडे पाहिलं आणि पाहणं थांबवलं.

भीमाचा आवाज केव्हाच गेला होता. उरली होती ती कुजबुज. त्याने मुलाला खाटेवर बसवून घेतलं.

"कच्चं कातडं दोन दिसांत कुजाय लागतं. सालीच्या हौदात टाकलं, की कुजायचं थांबतं. हयातभर तेच केलं मी. ह्यो रोग म्हंजे बी कुजच हाय. मला आदी सुचलं न्हाई, एवढंच. तुला सुचलं."

"आबा, ते कातडं..."

मेलेलं असतं, हे शब्द त्याने गिळले.

"आन् ते ऋषीचं काय रं?" भीमाचे डोळे हसले. "आपल्या ढोरगल्लीत कवा आल्ता ऋषी? आला आसंल तर नाक धरून गेला आसंल."

छबूबाई खुदकन हसली. कानिफनाथला हसता आलं नाही. बातमीत ऋषी होते, कातडी कमावणारे नव्हते. त्याच्या स्वतःच्या प्रबंधातही नव्हते.

"लागू पडंल न्हवं?" भीमाने विचारलं.

"पडेल."

आयुष्यात प्रथमच त्याने पुराव्यावाचून विधान केलं, आणि ते तितक्याच सहजपणे स्वीकारलं गेलं.

तेवढ्यात शेजारची बनुबाई रिकामा तांब्या घेऊन उंबऱ्याशी आली. कानिफनाथला पाहून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं बाबा, तूच घावलास. आमच्या भारतीच्या टीबीच्या गोळ्या हायती ना, त्या बंद करू का? गोळ्यांनी पोर सारखी वकती. तुजे आबा म्हनत्यात, सालीचं पानी पाज. म्हनलं, न्ह्याच्या आदी शिकलेल्याला इचारावं."

भीमा बनुबाईकडे पाहत नव्हता. तो मुलाकडे पाहत होता.



"नको, मावशी," कानिफनाथ म्हणाला. "गोळ्या एक दिवससुद्धा चुकवू नकोस."

"आन् हे पानी?"

"याने टीबी बरा होत नाही."

"मग तुज्या आबाला कसं काय..."

बनुबाईची नजर मुलावरून बापावर गेली आणि तिथेच थांबली. छबूबाईच्या हातातली वाटी कलली.

भीमाने डोळे मिटले. मग त्याने हात वर केला, आणि ऐकायला तिघांनाही त्याच्याकडे वाकावं लागलं.

"माजं येगळं हाय, बने. मी जून हाय. पोर कवळी हाय तुजी. कवळ्या कातड्याला सालीचं कडक पानी सोसत न्हाई, करपतं. हे मीच इसरलो हुतो. तिला गोळ्याच दे. कानिफ सांगतो तसंच कर."

"आसं व्हय," बनुबाई म्हणाली. तिचं समाधान झालं होतं. रिकामा तांब्या काखेत धरून ती अंगणात उतरली.

भीमाने छबूबाईच्या हातातली वाटी घेतली आणि मुलापुढे धरली.

"आबा, आता राहू दे," कानिफनाथ म्हणाला.

"तोंडात वत," भीमा कुजबुजला. "लवकर वत. ती वळून बगती हाय."