रेषांचं विमान

मैनाचं खेळातलं शेवटचं विमान फुटलं तेव्हा तिला हवा तो आकडा पडद्यावर झाला होता. तिनं घाईघाईनं बटणं दाबत तीन इंग्रजी अक्षरं निवडली. बी, एच, ए. भाविकचं नाव पुन्हा सर्वाधिक गुणांच्या यादीत सगळ्यात वर चढलं. तिनं पदराला हात पुसले, झाडू उचलला, तोच जिन्यात तुळशीरामचा खोकला वाजला.

दुपारची झोप झाली की तो असा खोकतच खाली यायचा, अख्ख्या गल्लीला कळावं इतक्या मोठ्यानं. लग्न झाल्यापासून मैनाला नवऱ्याची ही खोड कधी दिसली नव्हती. अलीकडेच लागली होती.

"लाइट आली वाटतं," म्हणत तो कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेला. यादी बघून थांबला. "मैना, पोरगा येऊन गेला गं."

"मी मागं भांडी घासत व्हते. मला न्हाय दिसला."

"मागचं दार उघडंच ठेवत जा."

त्या दिवशी तो पोटभर जेवला. मैनाला तेवढंच हवं होतं.

भिवंडीच्या नारपोलीतलं हे व्हिडिओ गेमचं दुकान म्हणजे पूर्वीचा त्यांचाच कापड विणायच्या लूमचा कारखाना. पट्ट्यात सापडून तुळशीरामच्या उजव्या हाताची अंगठा सोडून सगळी बोटं गेली, तेव्हा त्यानं लूम विकले आणि ही मशीनं आणली. बाकीच्यांवर रंगीत गाड्या आणि कुस्त्या. वळ गावच्या गोदामातून जहाजाच्या भंगारात आलेलं हे एकच मशीन निराळं होतं. काळा पडदा, त्यावर नुसत्या पांढऱ्या रेषा. रेषांचं विमान, रेषांचेच दगड. गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. वेडा होता तो फक्त त्यांचा पोरगा भाविक.

डावीकडची दोन बटणं विमान वळवायला, उजवीकडची दोन पुढे जायला आणि गोळी मारायला. मधलं बटण मात्र चमत्कारिक होतं. ते दाबलं की विमान गायब व्हायचं आणि भलतीकडेच उगवायचं. अंगावर दगड आले की भाविक तेच दाबायचा. "आरं, पळतोस काय?" म्हणून मैना त्याला चिडवायची.

मग तो बारावीला नापास झाला. तुळशीराम रागाच्या भरात म्हणाला, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." बापाचं एकही न ऐकणाऱ्या पोरानं एवढं मात्र ऐकलं. पोलीस झाले, नातेवाईक झाले, देवऋषी झाला. पोरगा सापडला नाही.

मशीनला आठवण होती ती लाइट असेपर्यंतच. लाइट गेली की यादी कोरी, आणि भिवंडीत लाइट रोज जायची. भाविक घरात असताना लाइट आल्या आल्या आपलं नाव आधी वर चढवायचा. तो गेल्यावर पहिल्यांदा लाइट गेली आणि नावही गेलं. तुळशीराम कोऱ्या यादीसमोर बसून राहिला. जेवायलाही उठेना. मैना घाबरली. एक माणूस गेला होता, दुसरा डोळ्यांदेखत चालला होता.

म्हणून तुळशीराम वर झोपलेला असताना तिनं बटणांना हात लावला. फार दिवस लागले तिला. विमान पुढे न्यायला ती भ्यायची. मधोमध उभी राहून नुसती वळायची आणि गोळ्या मारायची. तरी जमलं एकदाचं.

पावसाळ्यात ती जिन्यावरून घसरली. पायाला प्लास्टर. वरच्या खोलीत पडून ती पंख्याकडे बघायची. पंखा थांबला की लाइट गेल्याचं तिला कळायचं. फिरायला लागला की ती उठायला बघायची. खाली यादी कोरी झालेली असणार आणि तिला खाटेवरून उतरता येत नव्हतं. तिला अन्न गोड लागेना.

"आला व्हता का?" ती विचारायची.

"येल," तुळशीराम म्हणायचा. तिचं न संपलेलं ताट बघत बसायचा.

एक दिवस मेकॅनिक इद्रीस येऊन गेला. जाताना तिला बघायला वर आला.

"काय बिघडलं व्हतं, इद्रीसभाई?"

"कुछ नहीं, भाभी. वायर इधर की उधर." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आराम करा तुम्ही."

त्यानंतर कितीतरी दिवसांनी तुळशीराम वर आला तो धापा टाकतच. "मैना! आला व्हता गं पोरगा!"

तिला ते खरं वाटेना. तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला, एकेक पायरी बसत उतरली. यादीत सगळ्यात वर तीच तीन अक्षरं होती. समोरचा आकडा तिला कधीच जमला नव्हता इतका मोठा.

मैना ढसाढसा रडली. आपण इतके दिवस खोटं चालवलं आणि देवानं ते खरं केलं, असं तिला वाटलं. भाविक आला होता. याच मशीनसमोर उभा होता.

"तुम्ही कुठं व्हतात?"

"झोपलो व्हतो. आता दोन घास खाशील ना? थांब, च्या आणतो."

तो गेला. मैना स्टुलावर बसली. पोराचा हात लागलेल्या बटणांवर तिनं हात ठेवला आणि खेळ सुरू केला. दगड जवळ आला. तिनं उजवीकडचं गोळीचं बटण दाबलं.

विमान गायब झालं.

कुठंतरी खालच्या कोपऱ्यात ते उगवलं. तिनं पुन्हा तेच बटण दाबलं. पुन्हा गायब. मग विमान वळवताना तिच्या डाव्या हाताचा अंगठा चुकून मधल्या बटणावर पडला आणि गोळी सुटली. वळणं, गोळी, सगळं डाव्याच हाताखाली होतं. उजव्या हाताची गरजच नव्हती.

दाराबाहेर तुळशीराम मोठ्यानं खोकला आणि ती पदराला हात पुसेपर्यंत तिथंच थांबला.